तीन बुचांची जीप

आमच्याकडे पाण्यात चालणारी जीप होती. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग फोटो मागतात. फोटो एकच आहे आणि त्यात गाडीपेक्षा माझ्या पुतण्याचं लग्न जास्त दिसतं. त्यामुळे ऐकूनच समजून घ्यावं लागेल.

खालून ती होडी होती. पत्र्याची, गुळाच्या काहिलीसारख्या पोटाची. त्या पोटाला चार चाकं, मागे पितळेचा पंखा आणि पंख्यामागे वीतभर सुकाणू. वरून साधी लष्करी जीप. दार नाही, पाय उचलून आत टाकायचा. मोठ्या लढाईच्या काळात परदेशात झालेली. आपल्या लष्करानं ती कधी वापरली, कधी मोडीत काढली, ते मला माहीत नाही. आम्ही पाहिली तेव्हा ती नगरच्या एका भंगारवाल्याच्या आवारात चाकांशिवाय पडली होती आणि तिच्या पोटात वेडी बाभळ उगवली होती.

माझा नवरा नगरला एका वर्कशॉपात फिटर होता. मी त्यांना मालक म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात. मालकांनी ती बाभळ उपटली, पोटात वाकून पाहिलं आणि भंगारवाल्याला म्हणाले, "हिचा पत्रा सडलेला न्हाई." एवढंच बघून त्यांनी ती घेतली. घरी आणून दोन वर्षं ते रोज संध्याकाळी तिच्याखाली झोपायचे. मी भाकरी झाल्यावर पायाला हात लावून उठवायची, कारण हाक ऐकू जायची नाही.

कागद माझ्या नावावर झाला. त्यात प्रेम वगैरे नव्हतं. मालकांच्या नावावर एक ट्रक होता, त्याच्या अपघाताची केस चालू होती, आणि दुसरी गाडी त्यात अडकायला नको होती. नोंदणीच्या ऑफिसातल्या साहेबानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

"ही होडी असंल तर माझ्याकडं कशाला आनली?"

"साहेब, चाकं हायेत तिला."

"मग मागं पंखा कशाचा?"

"ऊन लई हाय," मालक म्हणाले.

साहेब हसला आणि कागद झाला. अशा रीतीनं चौथी शिकलेली बाई एका मोटारीची मालकीण झाली. मला त्या दिवशी सायकलही येत नव्हती.

आमचं गाव मुळा धरणाच्या फुगवट्यावर आहे. जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि मी त्यानंतर लग्न होऊन आले, म्हणून मला त्याचं काही वाटत नाही. धरण भरलं की पाणी आमच्या बांधापाशी येतं. दिवाळीनंतर पाणी मागे सरकतं आणि गाळ उघडा पडतो. त्या गाळात आम्ही हरभरा, गहू पेरतो. त्याला गाळपेर म्हणतात. आमचा गाळपेरीचा तुकडा पाण्यापलीकडच्या उंचवट्यावर. जमिनीवरून जायचं तर वळसा घालून अर्धा दिवस. पाण्यावरून पाव तास. गाडी घेण्याचं खरं कारण ते होतं, निदान मालक तसं सांगायचे.

पण एक अडचण होती आणि ती मालकांनी दोन वर्षं कुणाला सांगितली नाही. त्यांना पोहता येत नव्हतं. नुसतं येत नव्हतं असं नाही, पाणी गुडघ्याला लागलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मी प्रवरेकाठची. पोहायला मी चालायच्या आधी शिकले असेन. गाडी तयार झाली, रंग दिला, आणि ते मला म्हणाले, "तू चालव. मी पाणी उपसायचा पंप बघतो."

उन्हाळ्यात धरणाचा तळ भेगाळलेला असतो, तिथं त्यांनी मला गाडी शिकवली. ते फार ओरडायचे. मी एकदा चावी काढून दूर फेकली आणि घरी चालत आले. त्यांना चावी शोधायला दिवस मावळला. दुसऱ्या दिवसापासून ओरडणं बंद झालं.

पाण्यात गाडी घालण्याची रीत अशी. जुना डांबरी रस्ता गावाच्या खालच्या अंगाला सरळ पाण्यात उतरतो. त्या रस्त्यानंच जायचं. पहिल्या गेअरात, सावकाश, नाक पाण्यात खुपसू द्यायचं नाही. थोड्या वेळानं हातातलं चाक एकदम हलकं होतं. म्हणजे पुढची चाकं सुटली, गाडी तरंगली. मग पंख्याचा दांडा ओढायचा. पंखा लागला की मागे धरधर होते आणि गाडी चालत्या म्हशीइतक्या वेगानं पुढं जाते. गावानं तिचं नाव म्हैसच ठेवलं होतं. वळवायला तेच चाक, ते सुकाणूला तारेनं जोडलेलं. बाहेर येताना चाकं आणि पंखा दोन्ही चालू ठेवायचे, जमीन लागेपर्यंत.

तिच्या पोटाला खालून तीन भोकं होती. पुढं, मध्ये, मागं. आत साचलेलं पाणी सोडून द्यायला. घरी असताना ती उघडी ठेवायची, नाहीतर पत्रा कुजतो. पाण्यात जायच्या आधी काठावर थांबून त्यात तीन पितळी बुचं पान्यानं आवळायची. हे काम मालकांचं. ते गोणपाट टाकून खाली शिरायचे, मी वर चाकावर बसायची आणि विचारायची.

"पुढलं?"

"घट्ट."

"मधलं?"

"घट्ट."

"मागलं?"

"घट्ट."

मग ते बाहेर येऊन शेजारच्या सीटवर बसायचे, दोन्ही हातांनी कठडा धरायचे, आणि मी गाडी पाण्यात घालायची. मी उतरून बघायचं नाही, हा नियम. पहिल्या वर्षी एकदा मी उतरून वाकून बघितलं होतं. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला पोहता येत न्हाई आन् मी तुझ्या शेजारी बसतो. तू माझ्या बुचाला बघायला उतरती." मला ते पटलं. पुन्हा कधी उतरले नाही. चाळीसएक वर्षांत त्यांचं एकही घट्ट खोटं निघालं नाही.

गाडीनं काय केलं, तर कामं केली. हरभऱ्याच्या गोण्या आणल्या. पाणी अचानक वाढायला लागलं की उभं पीक तोडून आणलं. शेळ्या नेल्या. शेळी गाडीत शांत बसते, बोकड बसत नाही. लग्नाचे नवरदेव मागायला यायचे, त्यांना आम्ही दिली नाही, फक्त पुतण्याला दिली, आणि तिथं वरमाईनं मळमळून ओकारी केली. मासे धरणारे भोई थर्माकोलच्या तराफ्यावरून जाताना ओरडायचे, "काकी, लायसन दाखवा!" मी म्हणायची, "आधी तुझ्या थर्माकोलाचं दाखव."

मला लायसन होतं. मालकांनी काढायला लावलं होतं. फोटोत माझा पदर सरकलाय, त्यांनी दुसरा काढू दिला नाही, उशीर होत होता.

मागल्या वर्षी दिवाळीनंतर महिन्याभरानं मालक सकाळी तोंड धुताना पडले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नगरला दवाखान्यात सतरा दिवस. घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी. मी मुळात कमी बोलणारी. काय बोलणार? आज भेंडी केली, असं सांगायची. ते बघायचे. ऐकू येत होतं, समजतही असावं, पण तोंडातून काही यायचं नाही. हूं नाही, चूं नाही.

ते अंगानं थोराड. मी बाहत्तर वर्षांची. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, परत खुर्चीत, परत खाटेवर. दिवसातून नऊ-दहा वेळा. शेजारपाजारचे पहिले दोन महिने येतात. नंतर तेही आपापल्या कामाला लागतात, त्यांचं चुकत नाही. श्रावणात एकदा मोरीत माझ्या हातून ते सुटले. डोकं दगडावर आपटलं, रक्त आलं. मी खाली बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पुतण्या विहिरींवर मोटारी बसवायच्या कामावरून येईपर्यंत तशीच बसून राहिले. दीड तास. त्या दीड तासात मी एकाच गोष्टीचा विचार करत होते, की हे पुन्हा होणार.

आमची एकुलती एक मुलगी संगमनेरला असते. दूध संघात नोकरी. तिचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, आणि तिथं दिवसातून दोनदा उचलायला माणूस मिळतो. ती म्हणाली, दोघं या. मी तयार होते. मालक नव्हते. तिनं गाडी आणली, जावयानं त्यांना उचललं, आणि बाहेर पडताना त्यांनी डाव्या हातानं फाटकाची सळई धरली. जावयानं बोटं सोडवून बघितली. सुटली नाहीत. ते माझ्याकडे बघत नव्हते, शेडकडे बघत होते, जिथं जीप होती. रोज दुपारी त्यांची खुर्ची त्या शेडपाशी नेल्याशिवाय ते घास घेत नसत.

मुलीनं त्या दिवशी जाताना सांगितलं, "आई, ती गाडी इथं आहे तोवर ते हलणार नाहीत."

"मग गाडी घालवू."

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं तर सांगतील व्हय?"

विचारायची सवय मला होती. बैल विकायचा, विहीर खोल करायची, पाहुण्यांना काय द्यायचं, सगळं मी त्यांना विचारून केलं. आणि त्यांनी उत्तर दिलं. ते अकरा महिने बंद होतं. कागद माझ्या नावावर होता, सही मला येत होती, कुणाची हरकत नव्हती. तरी त्यांनी हो किंवा नाही म्हटल्याशिवाय गाडी द्यायची हे मला जमत नव्हतं. आणि दिल्याशिवाय इलाज नव्हता.

गिऱ्हाईक पुतण्यानं आणलं. पुण्याचा माणूस, सुप्याला त्याचा कारखाना, आणि जुन्या गाड्या गोळा करायचा नाद. पांढरे बूट घालून आला होता. गाडीभोवती फिरला, हात लावून बघितलं, वाकून बघितलं.

"आजी, पोहते का ही अजून?"

"ती तरंगते. पोहते मी."

तो हसला. म्हणाला, पाण्यात गेलेली बघितल्याशिवाय घेणार नाही. ते बरोबर होतं, मीसुद्धा घेतली नसती. दिवाळी झाली होती, धरण काठोकाठ होतं. पुढच्या रविवारी सकाळी ठरलं.

पुतण्यानं बॅटरी बदलली, पेट्रोल घातलं. वर्षभर उभी होती तरी दहाव्या फिरकीला लागली. मी शेडमधून काढली तेव्हा मालक खुर्चीत बसले होते. त्यांनी डावा हात उचलला. एवढंच केलं. पण तो हात खाली येईना. गिऱ्हाइकाचा ड्रायव्हर म्हणाला, "आजोबांना यायचं असेल."

"पान्यात?" पुतण्या म्हणाला. "तात्यांना? काकी, नको."

मी म्हटलं, "बसवा."

त्यांना उचलून त्यांच्या नेहमीच्या सीटवर बसवलं. जुन्या साडीचा पट्टा करून मी त्यांना सीटला बांधलं, ओढली की सुटेल अशी गाठ मारून. डावा हात त्यांनी आपणहून कठड्यावर ठेवला. गिऱ्हाईक मागे बसला.

पाण्याच्या काठावर मी थांबले. माझे गुडघे गेलेत, खाली झोपणं मला शक्य नाही, म्हणून बुचं पुतण्या बसवणार होता. तो गोणपाट टाकून खाली गेला. इंजिन चालू होतं, तापू देत होते. पुढचं आणि मधलं त्यानं बसवलं. मागच्या भोकाचे आटे झिजले होते, बूच धरत नव्हतं. त्याला सुतळी आणि सफेदा लावावा लागणार होता, नळाच्या कामाला लावतात तसा. ते त्याच्या मोटारसायकलच्या डिकीत. तो बाहेर निघाला आणि मोटारसायकलीकडे वर गेला. त्यानं जाताना मला सांगितलं असं तो म्हणतो. इंजिनात मला ऐकू आलं नाही. मी आरशात त्याला जाताना पाहिलं आणि काम झालं असं समजले.

मग मी विचारलं. कुणाला विचारलं ते मला सांगता येणार नाही. चाकावर हात ठेवले, समोर पाणी दिसलं, आणि तोंडातून आलं, "पुढलं?"

शेजारून आवाज आला, "घट्ट."

आवाज जाड होता, ओल्या लाकडासारखा, पण त्यांचाच. मी पुढं विचारलं, कारण विचारायचे तीन असतात आणि एकावर कुणी थांबत नाही.

"मधलं?"

"घट्ट."

"मागलं?"

"घट्ट."

मी गेअर टाकला. अकरा महिन्यांनी माणूस बोलला म्हणून थांबून त्याच्याकडे बघावं, हे मला सुचलं नाही. नंतर मुलगी तेच विचारत होती, "आई, तुला काहीच वाटलं नाही?" काही वाटलं असतं तर मी आरशात पुन्हा बघितलं असतं, आणि पुतण्या हातात बूच घेऊन पळत येताना दिसला असता. गिऱ्हाइकाला तो दिसला. तो हात हलवत होता म्हणून यानंही हात हलवला.

चाक हलकं झालं, मी दांडा ओढला, पंखा लागला. पाणी गुळगुळीत होतं. शंभरेक पावलं आम्ही झकास गेलो. मागून गिऱ्हाईक मोबाईलमध्ये चित्र काढत होता आणि वा, वा म्हणत होता. मग म्हणाला, "आजी, माझे बूट ओले झालेत."

"होडीत बसलाव. व्हनारच."

"नाही, म्हणजे आत पाणी आहे."

मी खाली बघितलं. माझी पावलंही पाण्यात होती. मला वहाण नसते म्हणून उशिरा कळलं. मागची बाजू जड झाली होती, नाक वर आलं होतं. पंपानं ते पाणी बाहेर फेकायला हवं होतं. पंपाच्या जाळीत उंदरानं चिंध्यांचं घर केलेलं होतं, ते नंतर निघालं. पंप बघणं मालकांकडे होतं, माझ्या डोक्यात तो कधी आलाच नाही.

सरळ मागे वळले असते तर काठ दूर होता आणि खाली खोल. मी डावीकडे घातली. जुना रस्ता तिथं पाण्याखाली भरावावरून जातो, कुठं जातो ते मला ठाऊक होतं, उन्हाळ्यात त्यावरूनच मी गाडी शिकले. पंखा चालू ठेवून चाकंही लावली. पाणी नडगीपर्यंत आलं, मग सीटला लागलं. गिऱ्हाईक सीटवर उभा राहिला. मी म्हटलं, "खाली बसा, उलटंल." तो पाण्यात बसला आणि मोबाईल डोक्यावर धरला. मी एका हातानं चाक धरलं आणि दुसरा मालकांच्या गाठीवर ठेवला. त्यांच्या कमरेला पाणी लागलं होतं. ज्या माणसाचा चेहरा गुडघाभर पाण्यानं उतरायचा, तो शांत बसला होता. कठडाही सोडला होता.

मग खालून धक्का बसला. पुढच्या चाकानं रस्ता धरला, मागच्यानं धरला, गाडी दोन-चार हात वर सरकली आणि इंजिन बंद पडलं. पाणी छातीशी येऊन थांबलं. काठ तीसेक पावलं.

पुतण्या कपड्यांसकट पोहत आला. एका हातात तिसरं बूच होतं, ते त्यानं सोडलं नव्हतं.

"काकी, हे माझ्या हातात हाय. मला इचारायचं तरी."

"इचारलं."

"कुनाला?"

"तात्या म्हनले घट्ट."

तो पाण्यात उभा राहिला. "तात्या बोलले?"

तो त्या बाजूला गेला आणि त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "तात्या, काय म्हनला तुमी?"

"घट्ट," मालक म्हणाले.

पुतण्या पन्नाशीचा आहे, मिशा आहेत. तो तिथंच रडायला लागला. गिऱ्हाइकाला काही कळेना, तो म्हणाला, "अहो, आधी बाहेर तर काढा." भोई आले, त्यांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर मालकांना आडवं घालून काठाला नेलं. एक भोई मला म्हणाला, "काकी, आता बगितलं का थर्माकोलाचं लायसन?" मी त्याला म्हटलं, "डोकं वर धर त्यांचं."

दुपारी ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. तिच्या पोटातून बराच वेळ पाणी जात होतं.

संध्याकाळी मुलगी आली. रात्रभर गावातली माणसं ये-जा करत होती. मालक कशालाही घट्ट म्हणत होते. चहा घेता का, घट्ट. ओळखलं का, घट्ट. कुणी विचारलं, "तात्या, सरपंच कसा हाय?" घट्ट. सगळे हसले, सरपंचही हसला. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, असं होतं, फार सवयीचा एखादा शब्द उरतो आणि तो सुटतो. बाकीचे येतील किंवा येणार नाहीत. अर्थ लावू नका.

मुलगी लावत होती. तिला प्रत्येक घट्ट वेगळं ऐकू येत होतं. मला एकच ऐकू येत होतं, आणि ते खोटं होतं. त्यांच्यावर राग नव्हता. फक्त एवढं कळलं की आता विचारून उपयोग नाही.

पाचव्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन आला. मला वाटलं बुटांचं काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, "आजी, मी घेतो."

"बुडाली की."

"म्हणूनच. तिला दोन तास पाण्यात ठेवून बाहेर काढल्यावर एका भोकाशिवाय कुठून थेंब गळला नाही. ऐंशी वर्षांचा पत्रा आहे तो. देता का, तेवढं सांगा."

मी म्हटलं उद्या सांगते. मुलगी म्हणाली, "आता विचार त्यांना. आता ते बोलतात."

मी खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हटलं, "गाडी देऊ का?"

"घट्ट."

"नको देऊ?"

"घट्ट."

मी म्हटलं, "मला तुमाला उचलवत न्हाई. मोरीत परत पाडंन मी तुमाला. ऐकू येतंय का?"

ते बघत राहिले. या वेळी काहीच बोलले नाहीत. मुलीनं माझा दंड धरला. "आई, हो म्हणतायत ते. बघ त्यांच्या डोळ्यांत."

"ते काय बी म्हनत न्हाईत," मी म्हटलं. "मी देतेय. पुढं कुनी इचारलं तर माझं नाव सांग. त्यांचं सांगू नको."

दुसऱ्या दिवशी मी सह्या केल्या. सहा ठिकाणी होत्या. ट्रेलर आला, त्या लोकांना गाडी फळ्यांवरून वर चढवता येईना, क्लच वेगळा लागतो. मीच चढवली. मला खाली उतरवायला दोघांनी हात दिला. मालक खुर्चीत होते. त्यांना मी तोंड फिरवून बसवलं नव्हतं, बघू दिलं. ट्रेलर वळणावर गेला तरी त्यांची मान तिकडंच होती. रडले नाहीत, मीही नाही. जेवण मात्र त्यांनी दोन दिवस नीट घेतलं नाही, ते सांगायला हवं.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. फाटक धरतील म्हणून जावयानं सकाळीच ते बिजागरीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्याची गरज होती की नाही, ते त्यामुळे कळलं नाही.

संगमनेरला येऊन आता दोन महिने झाले. मालक जेवतात. वजन थोडं कमी झालंय. दुसरा शब्द आलेला नाही. परवा दुपारी गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यानं पुण्याजवळच्या कुठल्या तळ्यात गाडी घातली होती, नाकातून पाणी घुसलं, कसं करायचं म्हणून विचारत होता. मी त्याला सांगितलं. पहिला गेअर, नाक खुपसायचं नाही, चाक हलकं होईपर्यंत दांड्याला हात लावायचा नाही, आणि बुचं कुणीही बसवलेली असोत, स्वतः उतरून हातानं चाचपायची. पुन्हा पुन्हा विचारत होता, पुन्हा पुन्हा सांगितलं. मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. म्हणाली, तुला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, तो विचारत होता.

तेवढ्यात मालकांना उठवायला माणूस आला. जवान आहे, अकोल्याकडचा, हातांत जोर आहे. मी सवयीनं पाय धरायला उठले.

"आजी, तुमी बसा," तो म्हणाला.

मी बसले.